श्वापदाची खूण

गोदामात त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. पूर्वी तिथे कागदाची रिळं ठेवत. आता त्याच पत्र्याखाली माणसं एकमेकांना चिकटून उभी होती, घामाने निथळत, सगळ्यांचे उजवे हात वर. समोर फळ्यांच्या मंचावर कर्णेवाला उभा होता. भक्त त्याला संदेष्टा म्हणत. पण प्रत्येक सभेआधी तो पितळी कर्णा फुंकायचा आणि फुंकताना त्याचे गाल बेडकासारखे फुगायचे, म्हणून उरलेलं शहर त्याला कर्णेवाला म्हणायचं. अर्थात हळू आवाजात.

"पहिला कर्णा वाजला, काय झालं?"

"भूकंप!"

"दुसरा वाजला?"

"पूर!"

"तिसरा?"

इथे गर्दी अडखळली, कारण तिसऱ्या कर्ण्याचं अजून नक्की ठरलं नव्हतं. कर्णेवाला डगमगला नाही. "पेपर वाचा!" तो गरजला. "रोज वाचा! लिहिलेलं सगळं घडतंय!"

भूकंप कुठे झाला आणि पूर कुठे आला, हे कुणी विचारलं नाही. एवढ्या मोठ्या पृथ्वीवर रोज कुठे ना कुठे काहीतरी पडतं, बुडतं, जळतं. आधी बाण मारायचा आणि मग तो जिथे रुतला तिथे जाऊन त्याच्याभोवती वर्तुळ काढायचं, अशी ही नेमबाजी. नेम चुकणार कसा?

मी मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते. असल्या सभांना मी एरवी फिरकले नसते, पण माझी मोठी बहीण म्हणाली, "एकदा ये आणि डोळ्यांनी बघ, मग मला सांग मी वेडी आहे की हे." हे म्हणजे माझे भावोजी. ते लाँड्रीची गाडी चालवायचे. ताई त्याच लाँड्रीत रुग्णालयांच्या चादरी धुवायची. भावोजी आता दंडाला पांढरी पट्टी बांधून गोदामाच्या दारावर स्वयंसेवक म्हणून उभे राहत. जगाचा अंत याच हिवाळ्यात आहे, असं ते शांतपणे सांगत, जशी एखाद्याने गाडीची वेळ सांगावी.

त्या सकाळी गर्दीतून एका वायरमनने हाक दिली. साधा, मिश्कील माणूस. म्हणाला, "संदेष्टेसाहेब, मागच्या हिवाळ्यातही अंत होता ना? मी घराची गळती दुरुस्त केली नाही त्यापायी. पावसाळाभर भिजलो."

चार लोक हसले. कर्णेवालाही हसला. मायेने म्हणाला, "ये बाळा, पुढे ये. शंका चांगली असते. हात दे."

त्याने खांद्यावरचा ओला टॉवेल काढला आणि वायरमनचा उजवा हात पुसला, मग कपाळही पुसलं, आईने लेकराचं तोंड पुसावं तसं. मग काचेचा तांब्या उचलला. पाणी नितळ होतं. तेच पाणी त्याने आधी कितीतरी भक्तांच्या हातांवर शिंपडलं होतं आणि ते पाण्यासारखंच ओघळून गेलं होतं. "हे न्यायाचं पाणी," तो म्हणाला. "श्वापदाची, म्हणजे सैतानाची, खूण उजव्या हातावर असते किंवा कपाळावर. लपवता येते, पण या पाण्यापासून नाही."

थेंब पडले आणि वायरमनचा तळवा लालभडक झाला. कपाळावरून लाल ओघळ भुवईत उतरला.

आधी एक बाई किंचाळली. मग सगळं गोदाम पुढे सरकलं. वायरमन अजून स्वतःच्या हाताकडेच बघत होता, तेवढ्यात पहिला फटका त्याच्या जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला मागच्या भिंतीपाशी ऐकू आला. तो पडला, आणि मग मला फक्त पाय दिसत राहिले. चपला, बूट, अनवाणी पाय. मारणारी माणसं रडत होती. "आमची वाट सोड!" असं ओरडत होती. कर्णेवाल्याने त्यांना पटवलं होतं की देवाचं राज्य दाराशी येऊन थांबलंय, आणि ते आत येत नाही ते केवळ या खुणेच्या माणसांमुळे.

पोलीस आले. जबडा बांधलेल्या वायरमनने कागदावर लिहून दिलं, "शिडीवरून पडलो." घाबरला होता बिचारा. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्याला स्वतःलाच आता स्वतःच्या हाताची भीती वाटत होती.

मला त्या लाल रंगाने अस्वस्थ केलं होतं. कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता. पण लांबून, गर्दीतून, पत्र्याच्या त्या अंधुक उजेडात मला तो नीट दिसला नव्हता. रक्त असेल, कुंचल्याचा रंग असेल, असं म्हणत मी घरी आले.

पुढची पाळी ताईची होती.

झालं असं की भावोजींनी माझ्या भाचीला शाळेतून काढायचं ठरवलं. जगच संपणार तर भूमिती कशाला? ताई आजवर नवऱ्याच्या शब्दाबाहेर गेली नव्हती, पण यावेळी म्हणाली, "जग संपेल तेव्हा संपेल. त्या दिवशीही पोरगी दप्तर घेऊन जाईल." आणि एवढ्यावर थांबली नाही. सकाळची पाळी संपवून, अंगावरचा ॲप्रनही न सोडता, थेट सभेत गेली आणि भर गर्दीत कर्णेवाल्याला म्हणाली, "माझ्या घरात तुमचा कर्णा नको."

ती तिकडे निघाल्याचं तिच्या सोबतिणीने शाळेत येऊन सांगितलं. मी वर्ग तसाच टाकून धावले. पोचले तेव्हा ती मंचावर होती.

यावेळी मी खांदे मारत, शिव्या खात पुढे घुसले. कर्णेवाल्याने टॉवेलला हातही लावला नाही, रागाने त्याने तांब्या थेट तिच्या हातांवर उपडा केला. ताईचे हात मी लहानपणापासून ओळखते. धुण्याच्या सोड्याने सोललेले, बोटांच्या पेरांना भेगा पडलेले. त्या भेगांमधून रंग उमटला. नखांच्या कडांना उमटला. आणि पाण्याचे थेंब तिच्या ॲप्रनवर उडाले होते, तिथेही टपोरे गुलाबी ठिपके फुलले.

ॲप्रनला कसली आली खूण? ॲप्रनला कुठला आत्मा?

आणि मग मला कळलं. दरवर्षी मी मुलींसमोर परीक्षानळीत दर्शक नावाच्या रसायनाने हाच रंग आणून दाखवते. "दर्शक आहे तो!" मी ओरडले. "सोडा आहे तिच्या हाताला! सोडा!" पण 'सोडा' या शब्दाचा गर्दीने दुसराच अर्थ घेतला. "सोडायचं नाही!" कुणीतरी किंचाळलं, आणि एक कोपर माझ्या तोंडावर आदळलं. दात तुटून जिभेवर आला.

त्यानंतरचं मला सांगवत नाही, तरी सांगते. लाँड्रीतल्या इस्त्री विभागाच्या मुकादमबाई कर्णेवाल्याच्या मोठ्या भक्त. त्यांचा एकुलता एक मुलगा यंत्रात सापडून गेला होता. राज्य आलं की दारात तोच पहिला उभा असेल, असं कर्णेवाल्याने त्यांना सांगितलं होतं. मंचाच्या कडेला त्यांनी लाँड्रीतलीच एक जड इस्त्री तापत ठेवली होती. "खूण पाण्याने दिसते आणि आगीने जाते," कर्णेवाला म्हणाला. "हात जावा, पण जीव वाचावा. ही शिक्षा नाही, ही दया आहे."

ताईने मूठ आवळली. ती उघडायला दोन पुरुष लागले. तिसरा तिचं मनगट धरून होता, त्याच्या दंडाला पांढरी पट्टी होती. ताईने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला लग्नापासून ज्या नावाने हाक मारायची, त्याच नावाने हाक मारली. भावोजींनी डोळे मिटून घेतले, पण मनगट सोडलं नाही. मुकादमबाईंनी इस्त्री टेकवली आणि दाबून धरली. कातडं चरचरलं. माझ्या जवळ उभा असलेला म्हातारा तो वास आला तसा ओकला आणि तोंड पुसून पुन्हा "राज्य येवो" म्हणू लागला.

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली. मग म्हणाल्या, "लाँड्रीवाले म्हणतायत कामावर अपघात झाला. अपघाताने इस्त्रीचा चटका हाताच्या पाठीला बसतो, बोटांना बसतो. अख्ख्या तळव्यावर टोकासकट छाप उठतो का?" त्यांनी तसं लिहून दिलं. पण बघणारा साक्षीदार म्हणून मी एकटी. बाकी शेकडो डोळ्यांनी काही पाहिलंच नव्हतं.

ताई शुद्धीवर आली तेव्हा तिने पाणी मागितलं नाही, लेकीची चौकशी केली नाही. म्हणाली, "खरं सांग. खूण होती का गं माझ्या हातावर?"

मला वाटलं होतं, तिला राग येईल. तिला शंका आली होती, स्वतःचीच.

मी शाळेतून दर्शकाची बाटली आणली, धुण्याचा सोडा आणला, एक लिंबू आणलं. तिच्या खाटेवर बसून माझ्या हाताला सोड्याचं पाणी चोळलं, वर बाटलीतले थेंब टाकले. माझा तळवा लाल झाला. ताई मागे सरकली.

"घाबरू नकोस. याला फिनॉल्फ्थॅलिन म्हणतात. साध्या पाण्यात टाकलं तर पाणी नितळच राहतं. सोडा, चुना असलं काही भेटलं की गुलाबी होतं. एके काळी पोट साफ करायच्या गोळ्यांत घालायचे. तुझा संदेष्टा त्या तांब्यातलं पाणी स्वतः कधी पीत नाही, बघितलंस? प्याला असता तर पुढची सभा संडासात भरली असती."

ताई हसली नाही. मी लिंबू कापून तळव्यावर पिळलं. लाल रंग पुसल्यासारखा गेला.

"वायरमन कुठे सोड्यात काम करतो?"

"त्याला टॉवेलने पुसलं होतं. टॉवेलला सोडा असणार. ज्याला पकडायचं त्याच्यासाठी एक टॉवेल, भक्तांसाठी दुसरा."

ताई माझ्या ओल्या, स्वच्छ तळव्याकडे पाहत राहिली. "एवढंच होतं?" तिने विचारलं. "एवढ्यासाठी?"

दारात भावोजी उभे होते. कधीपासून, कोण जाणे. मी त्यांचा हात ओढला, सोडा चोळला, थेंब टाकले. त्यांचा हात लाल झाला, आणि ते हात झटकत भिंतीपर्यंत मागे गेले, जणू साप डसला. मी लिंबू त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते घेतलं नाही. खाली बसले आणि कपाळ फरशीवर आपटू लागले. ताईने तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्याच दिवशी दुपारी आमच्या वस्तीतल्या चर्चचे म्हातारे पाळक ताईला भेटायला आले. त्यांचं चर्च कर्णेवाल्याने ओस पाडलं होतं. मी देव मानत नाही, हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्यावरून आमचं कधी वाजलं नाही. मी विचारलं, "हे श्वापद आणि खूण, हे खरंच लिहिलंय का शास्त्रात?"

"लिहिलंय. पण कुणी कुणासाठी लिहिलंय ते बघ ना, पोरी. ज्यांना त्या काळच्या सम्राटाचे शिपाई मारत होते, जाळत होते, त्या माणसांसाठी ते लिहिलंय. श्वापद म्हणजे ती जुलमी सत्ता. धीर धरा, हिचाही शेवट आहे, एवढं सांगायला. ते मार खाणाऱ्यांचं पुस्तक आहे. त्याने ते मारणाऱ्यांच्या हातात दिलं."

"आणि दिवस, वेळ?"

"तो दिवस कुणालाच ठाऊक नाही, असं त्याच शास्त्रात स्पष्ट म्हटलंय. तारीख सांगणाऱ्याने ते पान फाडलेलं असतं."

"हे तुम्ही लोकांना का नाही सांगितलंत?"

पाळक टोपी हातात फिरवत राहिले. "सांगितलं. माझ्याकडे कर्णा नव्हता."

पुढच्या सभेला भावोजी पांढरी पट्टी बांधून दारावर उभे होते. या खेपेला त्यांनी मला आत घेतलं आणि गर्दीतून वाट काढत थेट मंचापर्यंत नेलं. "हिला खूण आहे," त्यांनी ओरडून सांगितलं. आवाज फाटला होता. "बघा हिला."

कर्णेवाल्याने मला ओळखलं. तुटलेला दात पाहून समाधानाने मान हलवली. "ये, मास्तरीणबाई. विज्ञानालाही राज्याच्या दारातून आत यावंच लागतं." गर्दी हसली. मुकादमबाई इस्त्रीपाशी उभ्या होत्या. इस्त्रीचा दिवा लागलेला होता.

त्याने टॉवेलने माझा हात पुसला. टॉवेल गार होता, किंचित बुळबुळीत. मुलींनो, बुळबुळीत लागतं ते काय? असं मी वर्गात विचारलं असतं, आणि उत्तर आलं असतं, सोडा. त्याने टॉवेल खांद्यावर टाकला, तांब्या उचलला, आणि पाणी ओतलं, त्या क्षणी मी त्याचा डावा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट पकडून घासला. पाणी तिन्ही हातांवर पडलं.

तिन्ही हात लाल झाले.

मी त्याच्या खांद्यावरून टॉवेल ओढला, तांब्या हिसकावला आणि उरलेलं सगळं पाणी टॉवेलवर ओतलं. टॉवेल सणसणीत गुलाबी झाला. मी तो दोन्ही हातांनी वर धरला.

"बघा! टॉवेलला श्वापदाची खूण! याने काय पाप केलं? यालाही इस्त्री करायची का?"

एक माणूस फिस्सकन हसला, आणि मग त्याने भीतीने तोंड दाबून धरलं. कर्णेवाला ओरडला, "सैतानाचा हात लागला मला! तिच्या हातून मला लागलं!"

"मग सैतान साबणाच्या दुकानात मिळतो," मी म्हणाले आणि पदराआडची सोड्याची पुडी काढून मंचावर रिकामी केली. माझी दर्शकाची बाटली वर ओतली. फळ्यांवर गुलाबी डबकं पसरलं. "हा धुण्याचा सोडा. तांब्यात दर्शक. दोन्ही एकत्र आले की रंग. माझ्या आठवीच्या मुली हे करतात, आणि एकीलाही अजून शिंग फुटलेलं नाही."

"हे खरं आहे," भावोजी म्हणाले. "रुग्णालयात माझा हातही असाच झाला. मी माझ्या बायकोचं मनगट धरलं होतं. मी धरलं होतं."

मला वाटलं होतं, आता लोक भानावर येतील. मान खाली घालून घरी जातील. पण झुंडीला भान नसतं, फक्त दिशा असते, आणि ती एका क्षणात बदलली. वायरमनला तुडवणारे तेच पाय मंचावर चढले. कर्णा कर्णेवाल्याच्याच तोंडावर बसला, ओठ फाटला. कुणीतरी त्याचे केस धरले, कुणीतरी गुडघा पोटात घातला. "खूण त्याच्याच हाताला आहे!" तोच आक्रोश, तेच शब्द. त्याचा लाल हात ओढत ओढत इस्त्रीकडे नेला, आणि तो लहान मुलासारखा "नको, नको" म्हणू लागला. मुकादमबाईंनी इस्त्री उचलली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

खोटं सांगणार नाही, त्या क्षणी मला बरं वाटलं. ताईची बोटं डोळ्यांसमोर होती. पण तो चरचरणारा आवाज पुन्हा ऐकायची माझी तयारी नव्हती, कुणाच्याही हातावर. मी त्या घोळक्यात घुसले, पाठीत बुक्के खात त्याचा तळवा गाठला आणि पदराआड आणलेलं कापलेलं लिंबू त्यावर पिळलं.

"थांबा! बघा! बघा तरी!"

इस्त्री वीतभर अंतरावर थांबली. रंग विरत गेला. बोटांवरून, तळव्यावरून, मनगटावरून. खाली एक साधा, घाबरलेला हात उरला.

"आंबट टाकलं की रंग जातो," मी म्हणाले. "लिंबू, चिंच, काहीही. त्यासाठी आग लागत नाही."

मुकादमबाई त्या हाताकडे पाहत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुझ्या बहिणीची खूणही अशीच गेली असती?"

"हो."

"एका लिंबाने?"

"हो, बाई."

त्यांनी इस्त्री जरा खाली घेतली. "आणि माझा मुलगा? तो दारात उभा आहे म्हणाला होता हा."

याचं उत्तर माझ्या विषयात नाही. मी म्हटलं, "ते मला माहीत नाही. पण कुणाचाही हात जाळून तो परत येणार नव्हता."

त्यांनी इस्त्री फळीवर उभी ठेवली आणि स्वतः वाकून प्लग काढला. मग तिथेच बसल्या आणि हंबरडा फोडला. त्या आवाजाने माणसं एकेक करून मागे सरकली. कर्णेवाल्याला कुणी धरलं नव्हतं, तरी तो पळाला नाही. फाटक्या ओठावर हात धरून तो मंचावरच बसून राहिला.

भावोजींनी पोलिसांत जबानी दिली, आधी स्वतःविरुद्ध, मग कर्णेवाल्याविरुद्ध. वायरमननेही शिडीची गोष्ट मागे घेतली. कर्णेवाला, मुकादमबाई आणि भावोजी, तिघांना शिक्षा झाली. भावोजी पत्रं पाठवतात. ताई ती उघडत नाही, टाकूनही देत नाही. तिच्या हाताची तीन बोटं आता सरळ होत नाहीत. लाँड्रीने तिला काढलं. ती आता कापड कापायला शिकते आहे, डाव्या हाताने, आणि चिडचिड करते, आणि शिकते.

तर मंडळी, कर्णेवाल्याची युक्ती मी सांगितली. ती आठवीच्या पुस्तकातली आहे. त्याच्यासारखे आणखी येतील, दुसरं पाणी आणतील, दुसरी तारीख सांगतील, आणि न्यायाच्या नावाने तुमच्या शेजाऱ्याकडे बोट दाखवतील. देव मानू नका, असं मी सांगत नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा. पण जो दैवी पुरावा दाखवेल त्याला म्हणा, "आधी तुमचा हात. मग तुमचा टॉवेल. मग पुन्हा एकदा, उजेडात, आम्ही आणलेल्या पाण्याने." खरं असेल तर ते दुसऱ्यांदाही टिकेल. आणि तपास होईपर्यंत, कुणी कितीही मोठ्याने ओरडलं तरी, आपल्या मुठी खिशात ठेवा. पाणी त्याचं होतं. इस्त्री त्याने हातातसुद्धा धरली नाही. मारणारे सगळे हात आपले होते.